गहू फुकट, डाळ महाग : चिठ्ठीवर न लिहिता येणारं औषध

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. ओपीडी संपत आली होती. बाजार समितीत हमाली करणारे एक मामा तपासायला आले. वय पन्नाशीच्या आत, मधुमेह सहा वर्षांपासून. उपाशीपोटीची साखर २१०. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

"मामा, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो की साहेब."

"जेवणात काय असतं?"

"सकाळी चपाती, रातच्याला भात. कालवण असतंय पातळ."

"मागच्या वेळी मी ज्वारीची भाकरी खा म्हणालो होतो. डाळ, मटकी, उसळ वाढवा म्हणालो होतो."

मामा थोडं हसले. म्हणाले, "साहेब, गहू-तांदूळ रेशनला फुकट मिळतोय. बरी ज्वारी घ्यायची तर पन्नास रुपये किलो. डाळीचं तर इचारूच नका. तुमचं खरं हाय, पण तेवढं पैसं आणू कुठनं?"

मी गप्प बसलो. हा माणूस दिवसभर पाठीवर ज्वारीची आणि तुरीची पोती वाहतो. आमचा सोलापूर जिल्हा म्हणजे मालदांडी ज्वारीचा पट्टा. आणि इथल्याच माणसाला ज्वारी परवडत नाही.

त्याच आठवड्यात शेतमजुरी करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. दम लागतो, पाय ओढतात, काम होत नाही. हिमोग्लोबिन ७.४. त्यांनाही मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सवयीने चिठ्ठीच्या खाली लिहिलं : 'प्रोटीनयुक्त आहार, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये.' गेली पंचवीस वर्षं मी हे वाक्य लिहीत आलो आहे. मामांनी मला पहिल्यांदा विचार करायला लावला, की हे औषध मिळतं कुठे, केवढ्याला मिळतं, आणि दर दोन वर्षांनी त्याचा भाव असा वरखाली का होतो?

आजचा लेख त्याबद्दल आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही, हवामानतज्ज्ञही नाही. पण हवामान आणि सरकारी धोरण या दोन्हींचा परिणाम शेवटी माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो, म्हणून बोलणं भाग आहे.

अन्नसुरक्षा म्हणजे नेमकं काय?

१९९६ मध्ये रोममध्ये जागतिक अन्न परिषद झाली. तिथे ठरलेली व्याख्या सोप्या भाषेत अशी : सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आलं पाहिजे. ते बाजारात असलं पाहिजे आणि विकत घेता आलं पाहिजे.

यातला 'पोषक' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण अन्नसुरक्षा किलोमध्ये मोजतो. गोदामात किती लाख टन गहू आहे, माणशी किती किलो धान्य वाटलं, वगैरे. शरीर मात्र किलोमध्ये मोजत नाही. ते प्रथिनं, लोह, झिंक, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड मोजतं.

आता साधा हिशेब करू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. देशात सुमारे ८१ कोटी लोक या कायद्याखाली येतात. ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. ३ किलो तांदूळ आणि २ किलो गहू धरला तर त्यातून रोज सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ५५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला लागतात सुमारे ४५ ग्रॅम. मेहनतीचं काम करणारा माणूस बाजारातून आणखी धान्य आणून पोटभर, म्हणजे ४०० ग्रॅम खातो असं धरलं, तरी प्रथिनं ३५ ग्रॅमच्या आसपास पोहोचतात.

आणि ही प्रथिनं अर्धवट असतात. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. गहू-तांदळात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळीत ते भरपूर असतं. पण डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठलं, भाकरी-उसळ या जोड्या आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेशिवाय बसवल्या होत्या. आज जोडीतला एक भाग फुकट मिळतो आणि दुसरा परवडत नाही.

म्हणून एका बाजूला पोट भरलेलं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला तपासणीचे रिपोर्ट वेगळंच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हे प्रमाण जवळपास ६९ टक्के होतं. पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. दुसरीकडे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अनेकांना वाटतं, रक्तक्षय हा गरिबांचा आजार आणि मधुमेह श्रीमंतांचा. माझ्या ओपीडीत हे दोन्ही आजार एकाच घरात असतात. ताटात पिष्टमय पदार्थांचा डोंगर आणि बाकी सगळं चिमूटभर, हे दोन्हींचं समान कारण आहे.

हवामान कुठे आडवं येतं?

हवामान बदल म्हटलं की आपल्याला वितळणारे हिमनग आठवतात. आपल्याकडे तो आधी डाळीच्या डब्यात दिसतो.

तुरीचं उदाहरण घ्या. तूर जून-जुलैमध्ये पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात. जवळजवळ सहा महिने ती शेतात उभी असते, आणि बहुतेक ठिकाणी पावसाच्याच भरवशावर असते. म्हणजे पेरणीला उशीर, मधला खंड, परतीचा जास्तीचा पाऊस, फुलोऱ्याच्या वेळचं ढगाळ हवामान, त्यामुळे वाढणारी शेंगा पोखरणारी अळी, या सगळ्या परीक्षा एकाच पिकाला द्याव्या लागतात.

२०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या वर्षी तूरडाळ दीडशे रुपये किलोच्या पुढे गेली होती, हे तुम्हाला आठवत असेल. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उलट झालं. मराठवाड्यात आणि आमच्याकडे सीनेच्या काठाला इतकं पाणी आलं की उभी पिकं कुजली, काही ठिकाणी माती खरवडून गेली. एकदा पाण्यावाचून, एकदा पाण्यामुळे.

गव्हालाही यातून सुटका नाही. मार्च २०२२ हा तोपर्यंतच्या १२२ वर्षांतला देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. दाणा भरायच्या वेळी उष्णता वाढली, दाणे बारीक राहिले. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, आणि डॉक्टर म्हणून मला तोच जास्त काळजीचा वाटतो. उद्योगपूर्व काळात हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. आता ते ४२० च्या पुढे गेलं आहे. २०१४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास आला. शास्त्रज्ञांनी उघड्या शेतात पिकांभोवती कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण ५५० च्या आसपास ठेवलं. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर या शतकातच आपण तिथे पोहोचू. त्या गव्हात झिंक सुमारे ९ टक्के, लोह ५ टक्के आणि प्रथिनं ६ टक्के कमी निघाली. तांदळात प्रथिनं जवळपास ८ टक्के कमी झाली. पोतं तेवढंच भरतं, वजन तेवढंच येतं, पण दाण्यातला कस उतरतो.

याच अभ्यासातली आपल्या कामाची गोष्ट अशी की ज्वारी-मक्यासारख्या पिकांवर हा परिणाम फारच कमी दिसला. त्यांची हवेतला कार्बन वापरण्याची पद्धत वेगळी असते. शास्त्रात त्यांना सी-फोर पिकं म्हणतात. बाजरीही याच गटातली. डाळवर्गीय पिकांत लोह आणि झिंक घटलं, पण प्रथिनं बऱ्यापैकी टिकली, कारण ही पिकं मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः मिळवतात.

म्हणजे येणाऱ्या उष्ण, लहरी काळात शरीराला आधार देणारी पिकं कोणती? ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, मटकी, हुलगा. आणि रेशनमध्ये काय आहे? गहू आणि तांदूळ.

आणखी एक गोष्ट. उन्हाळा फक्त पिकाला मारत नाही, मजुरीही मारतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी शेतात काम होत नाही, रोज अर्धाच मिळतो. पावसाने उघडीप दिली नाही तरी खाडा, फार उघडीप दिली तरी खाडा. मजुरी बुडाली की घरात सगळ्यात आधी डाळ कमी होते, मग दूध, मग भाजी. भात शेवटपर्यंत राहतो, म्हणून घरातलं कुणी 'उपाशी' म्हणून मोजलं जात नाही.

धोरण कुठे चुकतं?

हवामान आपल्या हातात नाही असं म्हणता येईल. पण पिकाचा भाव, खरेदी, आयात आणि रेशनमध्ये काय द्यायचं हे माणसांनीच ठरवलेलं असतं.

तुरीची गेल्या दहा वर्षांची कहाणी बघा. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षं पाऊस कमी झाला. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरा म्हणून सांगितलं, मोझांबिकशी आयातीचा करार केला. २०१६ ला पाऊस चांगला झाला, शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली आणि विक्रमी पिकवली. मग काय झालं? बाजारभाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली कोसळला. खरेदी केंद्रांसमोर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, शेतकरी दिवसेंदिवस बाहेर मुक्कामाला होते. पुढे पुन्हा उत्पादन घटलं, २०२१ पासून आयात खुली झाली, २०२३-२४ मध्ये पुन्हा महागाई. आणि २०२५ मध्ये हमीभाव ७,५५० रुपये असताना बाजारात तूर पुन्हा त्याच्या खाली विकली गेली.

माझा एक शाळेतला मित्र शेती करतो. त्याने तूर सोडून ऊस लावला. मी त्याला विचारलं, "अरे, पाणी कुठून आणणार?" तो म्हणाला, "पाण्याचं बघू. पण ऊस कारखान्याला गेला की पैसे येणार हे तरी ठरलेलं आहे. तुरीचं कोण सांगणार?" त्याचं काय चुकलं? उसाला कायद्याने ठरवलेला दर आहे आणि घेणारा ठरलेला आहे. पंजाबातल्या गव्हा-तांदळाला सरकारी खरेदी आहे. तूर, ज्वारी, हरभऱ्याला हमीभाव कागदावर जाहीर होतो, पण तो हातात पडेल याची खात्री नसते. राज्यातल्या लागवडीखालच्या एकूण क्षेत्रात उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाचं निम्म्याहून बरंच अधिक पाणी तो घेतो. दुष्काळी जिल्ह्यात साखर पिकते आणि डाळ आफ्रिकेतून येते, असं हे उलटं गणित आहे.

कांद्याचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये ती उठली. शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळावा हा हेतू चुकीचा नाही. पण प्रत्येक वेळी भाव वाढला की शेतकऱ्याचा हात धरायचा आणि भाव पडला की बाजारावर सोडून द्यायचं, असं झालं तर पुढच्या वर्षी तो ते पीक कमी करणारच. आणि त्या कमी झालेल्या पिकाचा भाव पुन्हा माझ्या पेशंटलाच द्यावा लागतो.

मुलांच्या ताटाचीही एक गोष्ट सांगतो. २०२३-२४ मध्ये राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं (न खाणाऱ्यांना केळं) द्यायला सुरुवात झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या असं शाळांना सांगितलं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिनं असतात, आणि शुद्ध शाकाहारी जेवणात जे जवळजवळ नसतंच ते बी-१२ असतं. वाढत्या वयात हे वेळेवर मिळालं नाही तर नंतर टॉनिकच्या बाटल्या देऊन ती उंची परत येत नाही.

मग फुकट धान्य बंद करायचं का?

मुळीच नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण 'फुकट खाऊन लोक आळशी झाले' असं बोलणारे माझ्याही ओळखीत आहेत.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. लाल मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. पिकं जवळजवळ पूर्ण गेली होती, तरी १९४३ च्या बंगालसारखे मृत्यू इथे झाले नाहीत, कारण लोकांच्या हातात मजुरी पडत होती आणि धान्य पोहोचत होतं. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं : दुष्काळात माणसं मरतात ती केवळ धान्य नसतं म्हणून नाही, ते मिळवण्याची ताकद त्यांच्याकडे नसते म्हणून. कोविडच्या काळातही रेशनने अनेक घरं तगवली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा रेशनने उपासमार अडवली, हे त्याचं मोठं यश आहे. आता प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. माणूस जगला, आता तो धडधाकट राहणार का?

याचं उत्तर देणारा एक अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत क्षयरोगाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १० हजारांहून अधिक माणसं यात होती. 'रॅशन्स' नावाचा हा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सर्व रुग्णांना पोषणाची शिधापेटी दिली गेली. घरातल्या माणसांपैकी एका गटालाही शिधा दिला गेला : प्रौढ माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना हा शिधा नव्हता. शिधा मिळालेल्या घरांत नवीन क्षयरोग ३९ टक्के कमी झाला, आणि थुंकीत जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षयरोग तर ४८ टक्के कमी.

मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ३९ टक्के! एखाद्या नव्या लसीने हे केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती. इथे ते तांदूळ, डाळ आणि काही गोळ्यांनी केलं. दीड किलो डाळ म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, साधारण ११ ग्रॅम प्रथिनं. ज्या ताटात ३५ ग्रॅम होती तिथे आता ४६ झाली, आणि जोडी जमल्यामुळे ती अंगी लागली.

सरकारने काय करावं?

पहिली मागणी : रेशनमध्ये डाळ. तामिळनाडूत २००७ पासून रेशन दुकानात तूरडाळ ३० रुपये किलोने मिळते. आपल्याकडे 'आनंदाचा शिधा' म्हणून सणाला हरभराडाळ मिळाली. पण शरीराला प्रथिनं दिवाळीपुरती लागत नाहीत.

"एवढी डाळ आणायची कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी दीड किलो द्यायची तर वर्षाला जवळपास दीड कोटी टन लागेल. देशात सगळ्या डाळी मिळून वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास पिकतात. म्हणजे ते आज शक्य नाही. पण माणशी अर्धा किलोने सुरुवात केली तर सुमारे ४९ लाख टन पुरतात. एकट्या तुरीवर हे भागणार नाही. पण हरभरा, मूग, मसूर, तूर मिळून भागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या स्वयंपूर्णतेचं अभियान सुरू केलं. त्यात तूर, उडीद, मसूर चार वर्षं नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून हमीभावाने घ्यायची हमी आहे. चांगली गोष्ट आहे. पण घेतलेली डाळ जाणार कुठे? ती भाव पाडायला बाजारात ओतली तर शेतकरी पुन्हा तोंडघशी. ती रेशनला गेली तर शेतकऱ्याला दरवर्षीचं गिऱ्हाईक मिळेल आणि माझ्या पेशंटला डाळ मिळेल. खरेदी आणि वाटप ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, ती बांधायला हवीत.

दुसरी मागणी : ज्या जिल्ह्यात ज्वारी-बाजरी पिकते तिथे ती रेशनला द्या. अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यंही आहेत, कायदा बदलावा लागत नाही. तिसरी : शाळेतलं अंडं परत सुरू करा. चौथी : क्षयरुग्णाला आता महिन्याला १,००० रुपये पोषणासाठी मिळतात, त्याच्या घरच्यांच्या ताटाचाही विचार करा.

तोपर्यंत घरी काय करता येईल?

धोरण बदलायला वेळ लागेल. पेशंटला आज संध्याकाळी जेवायचं आहे. म्हणून काही साध्या गोष्टी :

१. रेशनचा गहू दळताना किलोमागे २०० ग्रॅम हरभरा घाला. चपाती थोडी जाडसर होते, पण प्रथिनं वाढतात आणि साखर जरा सावकाश चढते.

२. नुसत्या भाताऐवजी खिचडी करा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ, कोणतीही. तूरच पाहिजे असं नाही. जी स्वस्त असेल ती.

३. मटकी, हुलगा, हरभरा मोड आणून खा. मोड आल्यावर लोह शोषून घ्यायला सोपं जातं. वर लिंबू पिळा. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. चहा लोह अडवतो.

४. मूठभर शेंगदाणे हा गरिबाचा बदामच आहे.

५. रेशनच्या तांदळात वेगळे दिसणारे दाणे मिळाले तर ते 'प्लास्टिक' नाहीत. लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले ते दाणे आहेत. निवडून टाकू नका. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

६. मधुमेह असेल तर ज्वारीची भाकरी चांगली, पण ती जादू नाही. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि रक्तक्षय असेल तर आहाराबरोबर लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्याच लागतात.

७. किडनीचा आजार असेल तर डाळी स्वतःच्या मनाने वाढवू नका. आधी विचारा.

हमाली करणाऱ्या मामांना मी पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या, गोळीचा डोसही थोडा वाढवला. दोन महिन्यांनी उपाशीपोटीची साखर १५८ आली. श्रेय गोळीचं किती आणि हरभऱ्याचं किती, हे मी सांगू शकत नाही. मामा खूश होते. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, तुरीचा भाव पडलाय म्हणं. आता आमाला डाळ खायाला गावंल. पण माझ्या सासऱ्यानं यंदा तूरच पेरलीया. त्याचं काय?"

मी चिठ्ठीवर याचं काही लिहू शकलो नाही. पण हा प्रश्न ज्यांनी सोडवायचा आहे, ते दर पाच वर्षांनी आपल्या दारात येतात. रस्ता, पाणी, वीज आपण त्यांना विचारतो. पुढच्या वेळी रेशनमधल्या डाळीचंही विचारा.